बाविसाव्या दिवसाचं ताट

बेडपॅन उचलायची लाज वाटती म्हणं! ऐकलं म्या सकाळी. वॉर्डाच्या कोपऱ्यात तुम्ही तिघी शिकाऊ पोरी कुजबुजून राह्यल्या होत्या. डॉक्टरनं नुस्ती नाडी धरायची अन् आपण घाण काढायची, काय इज्जत हाय या कामाची? बसा इथं खाली. चहा थंड झाला तरी चालंल. या द्वारकाबाईच्या कामाला बिनइज्जतीचं म्हणायला आजवर कुणाची माय व्याली न्हाई, अन् तुम्ही तर कालच्या पोरी.

मी बदनापूरकडची, शेतकऱ्याची लेक. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. सतराव्या वर्षी जालन्याला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आले. माझा भाऊ मच्छिंद्र सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "आमची द्वारकी आमाला मेली." बरं बाबा, मेली तर मेली. मेलेल्या माणसाला कुणाच्या बापाचं भ्या न्हाई राहत. तीन वर्षं शिकले, पास झाले, अन् सरकारी दवाखान्यात लागले.

निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. सन छत्तीस असंल. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, उर्दूच बोलायचे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "द्वारकाबाई, कादराबाद में एक मरीज़ है. मियादी बुखार. बारहवाँ दिन है. उनके घर जाकर रहना पड़ेगा."

कादराबाद हा जालन्याचाच भाग, अन् मियादी बुखार म्हंजे आपला मुदतीचा ताप. तुम्ही त्याला टायफॉईड म्हणता. आज तुमच्याकडं गोळ्या हायेत, चार दिवसांत ताप उतरतो. तवा काहीच न्हवतं. म्या इचारलं, "साहेब, दवा कोणती नेऊ?"

ते हसले न्हाई बिलकुल. म्हणाले, "इसकी दवा मेरे पास नहीं है, बाई. दवा तुम हो."

हे वाक्य म्या आजवर कुणापुढं मिरवलं न्हाई. पण पोरींनो, त्या दिवशी मी दवाखान्यातून निघाले ते छाती काढून.

घर मारवाड्याचं. सत्यनारायणशेट कापसाचे आडते, चांगला समजदार माणूस. आजारी होती त्यांची बायको प्रेमबाई, एकोणीस वर्षांची. अन् घरात राज होतं शेटच्या आईचं, भगवतीदेवीचं. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातच राहून राह्यलेले लोक, मराठी आपल्यासारखीच बोलायचे, मधी मधी त्यांची बोली यायची. या तापाला ते मोतीझरा म्हणायचे. अंगावर मोत्यासारखे दाणे उठतात, ती देवीची खूण. चार वर्षांमागं शेटची बहीण सुगनी याच तापानं गेल्ती. म्हणून शेट आईला न इचारता दवाखान्यात आल्ते, अन् म्हणूनच म्हातारीनं देवीला मोठ्ठा नवस बोलला होता. सुगनीच्या येळी देवीचं काही तरी कमी पडलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

खोलीत गेले तर आगं माय! खिडक्या बंद, दाराला लिंबाचा पाला, अन् प्रेमबाईच्या अंगावर दोन गोधड्या. वरून तापात बडबडणारी पोर, तरी तोंडावर पदर हातभर ओढलेला! म्या आधी पदर मागं सारला. म्हातारी दारातून वरडली, "हिचा ससुरा बाहेर बसला हाय!"

"बसू द्या की बाहेरच. आत कोण बोलावतंय त्यांना?" मी म्हणाले.

सगळंच चूक होतं असं न्हाई हां. त्या घरात मोतीझरा असला की फोडणी बंद, चपला बाहेर, येणारं-जाणारं बंद. हे बराबरच होतं, आपल्या दवाखान्यापेक्षा बराबर. माझं भांडण होतं पाण्यासाठी. आजाऱ्याच्या अंगाला पाण्याचा थेंब लागला तर मोती आत जातात अन् माणूस मरतो, असं म्हातारी म्हणायची. इकडं ताप एकशे चार. म्या शेटला थर्मामीटर दाखवलं, कोमट पाण्याच्या फडक्यानं अंग पुसून काढलं, अन् पुन्हा दाखवलं. दोन डिगरी उतरला होता. म्हातारी देवघरात जाऊन बसली, माझ्याशी बोलणं बंद. त्यांच्या माठातलं पाणी मला वरून वतायचे, ते चालूच होतं. मी काय तिथं मान घ्यायला गेल्ते?

मंग नऊ दिवस मी ती खोली सोडली न्हाई. दर दोन तासाला तिची कूस बदलायची. पाठीला स्पिरिट चोळायचं, म्हंजे चामडी फुटत न्हाई. मिठाच्या पाण्यानं तोंड, जीभ, दात पुसायचे. जवाचं पाणी अन् ताकाची निवळ, चमच्या-चमच्यानं, पाजायचं म्हंजे पाजायचंच. अन् हां, बेडपॅन! दिवसातून दहा डाव. त्यात चुना टाकून झाकायचं, हात घासायचे, अन् त्याच्याआधी बघायचं. डोळे उघडे ठेवून बघायचं, काळं हाय का, रगत हाय का. पोरींनो, डॉक्टर नाडी बघतो, पण आतड्याला काय झालंय हे आधी कळतं ते बेडपॅन उचलणारीला. ज्या घाणीला तुम्ही नाक मुरडता, ती वाचता यायला तीन वर्षं लागतात. एवढे दिवस झोपून त्या पोरीच्या पाठीला एक फोड आला न्हाई. एक सुदिक न्हाई! डॉक्टरसाहेब बघून गेले अन् दारात थांबून शेटला म्हणाले, "ऐसा काम मैंने कम देखा है."

एकविसाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. पोर शुद्धीवर आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "भूक लागली." घरात सगळे रडायला लागले आनंदानं.

अन् इथंच माझी चूक झाली. म्या शेटला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून दहा दिवस पातळच. दाताखाली येईल असं काहीच द्यायचं न्हाई." शेट म्हणाले, बराबर. पण त्या घरात ताटात काय पडायचं हे शेट ठरवत न्हवते. ठरवणारी होती म्हातारी, अन् तिच्याशी माझं बोलणं बंद. मी अकडीत राह्यले. सांगायचं तिला सोडून सांगितलं भलत्याला.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी तापाचा तक्ता घेऊन दवाखान्यात गेल्ते. तासाभरात परत आले. आले तर खोलीत उदबत्तीचा वास. प्रेमबाई लोडाला टेकून बसलेली, कपाळाला कुंकू, अन् पुढ्यात चांदीचं ताट भरून चुरमा. गव्हाची बाटी कुटून, तूप-गूळ घालून केलेला, देवीच्या नवसाचा. भगवतीदेवी तिला घास भरवून राह्यली होती. डोळ्यांत पाणी, तोंडात देवीचं नाव.

पोरीचं तोंड चालू होतं.

मी धावत गेले, प्रेमबाईचे गाल दाबले अन् बोटं घालून तिच्या तोंडातला घास बाहेर काढला. दुसऱ्या हातानं ताट वढलं. तशी म्हातारी उठली अन् सण्णकन माझ्या थोबाडीत दिली.

"देवीचा परसाद हाय! तू कोण हिसकणारी?"

"मारा," मी म्हणाले, "अजून मारा. पण ताट न्हाई द्यायची."

दारात शेट येऊन उभे राह्यले, त्यांच्या मागं सगळं घर. म्हातारी वरडली, "पुन्हा देवी कोपंल. सुगनीला घेऊन गेली, आता हिला नेईल. परसाद परत जात न्हाई!"

आता काय करावं? परसाद टाकता येत न्हाई, पोरीला देता येत न्हाई. मंग मी तिथंच फरशीवर मांडी घातली अन् ते ताट पुढ्यात घेतलं. म्हणाले, "नऊ दिवस हिच्या अंगातली देवी जिनं सांभाळली तिनं खाल्ला तर चालंल का न्हाई?" अन् खायला लागले. गालावर पाच बोटं उठलेली, अन् मी चुरमा खाऊन राह्यले! शेटचं तोंड उघडंच राह्यलं. तूप इतकं होतं की घास घशातून आपसुक उतरायचा, तरी अर्ध्या ताटात माझा जीव घाबरा झाला.

ताट बाजूला ठेवलं अन् प्रेमबाईला इचारलं, "किती घास गिळलेस?"

"एक," ती घाबरून म्हणाली. "छोटा."

म्या तिला हळूच आडवं केलं, पोटावर हात ठेवला अन् म्हातारीकडं वळले. जे आदल्या दिवशी सांगायचं होतं ते आता सांगितलं. "माय, ताप उतरला पण आतडं अजून कच्चं हाय. आत जखमा हायेत. त्यावरून असलं जाड काही गेलं तर आतडं फाटतं. मंग पोटात एकदम कळ येती. पोट फळीसारखं कडक होतं. हातपाय गार पडतात, घाम सुटतो, अन् दिवस-दोन दिवसांत—"

मी बोलता बोलता थांबले. म्हातारीचं तोंड पांढरंफट पडलं होतं. ती भिंतीला धरून खाली बसली.

"फळीसारखं," ती म्हणाली. "सुगनीचं पोट तसंच झालं होतं. ताप उतरला होता तिचा. उतरला होता, बाई! भूक भूक करून राह्यली होती. म्या चुरमा केला. याच हातानं भरवला." तिनं हात पुढं केला अन् त्याच्याकडंच बघत राह्यली. "सांज व्हायच्या आत तिला कळ आली."

शेट तोंड फिरवून उभे राह्यले. म्हातारीनं माझा पदर धरला. "खरं सांगा, नर्सबाई. म्या मारलं तिला?"

थोबाडीत खाल्ल्यापासून माझ्या जिभेवर लई काही तयार होतं. ते सगळं तिथंच वाळून गेलं. पोरींनो, मला पट्टी बांधायची शिकवली होती, बाळंतीण सुटी करायची शिकवली होती, मेलेल्याचे डोळे मिटायचे बी शिकवले होते. हे कुणी शिकवलं न्हवतं. पण हे बी आपलंच काम हाय. माझा एक हात प्रेमबाईच्या पोटावर होता, दुसऱ्यानं म्या म्हातारीचा हात धरला.

"न्हाई," मी म्हणाले. "तुमी मायेनं भरवलं. तुमाला कुणी सांगितलंच न्हवतं. तवा तुमच्या घरात नर्स न्हवती, माय. असती तर तिनं बी ताट वढलं असतं अन् तुमची चापट खाल्ली असती."

तशी ती जे रडायला लागली, चार वर्षांचं रडली. म्या रडू दिलं. दर पाव तासाला नाडी बघत होते अन् पोटावरचा हात काढत न्हवते. म्हातारीनं डोळे पुसले अन् माझ्याजवळ सरकून बसली. जरा जरा येळानं इचारायची, "नरम हाय?" मी म्हणायची, "हाय." मंग म्या तिचाच हात धरून तिथं ठेवला. दिवस मावळला, नाडी सरळ, पोट कणकीवाणी नरम. तवा कुठं माझ्या जिवात जीव आला. खोटं कशाला बोलू, मागं परसात जाऊन मी बी रडून घेतलं.

पुढचे दहा दिवस जवाचं पाणी म्हातारीनंच पाजलं, मला इचारून, चमचे मोजून. बत्तिसाव्या दिवशी प्रेमबाईनं मऊ भात खाल्ला. आज तिला नातवंडं हायेत.

तुमाला वाटंल गोष्ट झाली. न्हाई झाली.

त्यानंतर सहा महिन्यांनी सदर बाजारातल्या एका घरात आठ वर्षांच्या पोरीचा मोतीझरा उतरला. मला उशिरा कळलं. मी धापा टाकत पोचले, मनात म्हणून राह्यले की एव्हाना ताट वाढून झालं असंल. बघते तर आजाऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी मांडी घालून कोण बसलं असंल? भगवतीदेवी! जी बाई देवळाशिवाय घराबाहेर पडत न्हवती, ती. समोर घरातल्या अन् गल्लीतल्या पंधरा-वीस बाया, परसादाचं ताट घेऊन उभ्या. कुणी तिला विनवून राह्यली होती, कुणी तिला देवीचं भ्या दाखवत होती. ती हलायला तयार न्हाई.

"म्या माझ्या सुगनीला याच हातानं भरवलं अन् घालवलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमाला न्हाई भरवू द्यायची. नर्सबाई म्हणंल तवाच पोर जेवंल."

आईनं असं चारचौघीत स्वतःच्या तोंडानं बोलायला केवढी छाती लागती, सांगा बरं! ताटवाली बाई मागं फिरली. माझे डोळे भरून आले. आयुष्यात एवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला न्हाई. मी वाकले अन् उंबऱ्यावरच तिचे पाय धरले.

तिनं माझा हात झटकला. "पाया मंग पडा, बाई," ती म्हणाली, "आधी आत जाऊन पोरीचं पोट बघा."