निकेशच्या फोनातला माझा अंगठा

माझा अंगठा निकेशच्या फोनात होता हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी उगाच केलं नाही हे कळेल. लग्नाला सहा महिने झाले होते. पेणच्या बाजारात त्याने नवा फोन घेतला. दुकानदाराने त्याचा अंगठा चार-पाच वेळा काचेवर टेकवून घेतला, तेव्हा निकेश म्हणाला, "आता हिचा पण घ्या. नाव टाका, प्रतीक्षा." दुकानदार चमकून माझ्याकडे बघायला लागला. बायकोला फोनात घेणारा नवरा त्यालाही रोज भेटत नसावा. मला मात्र त्या दिवशी मंगळसूत्र दुसऱ्यांदा घातल्यासारखं वाटलं होतं.

माझा स्वतःचा फोन जुना, आकडे दाबून उघडणारा, काच फुटलेला. म्हणून रोज संध्याकाळी माहेरी, जिते गावाला, आईशी बोलायचं ते निकेशच्या फोनावरून, चेहरा बघत. अडीच वर्षं अंगठा टेकवला की फोन उघडायचा. यंदा वैशाखात एका संध्याकाळी तो उघडला नाही. मी अंगठा पदराला पुसला, परत टेकवला. पाच वेळा झालं, तेव्हा फोननेच मला थांबायला सांगितलं.

निकेश आला, त्याने फोन नुसता तोंडासमोर धरला आणि तो उघडला.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झाले पंधरा दिवस. प्लांटमधी हातात मोजे आसतात गो. तोंड दाखवलं की काम झालं."

"आन् माझा अंगठा?"

"आसंल की. नीट ठेव."

एवढंच बोलून तो जेवायला बसला. मीही पुढे विचारलं नाही. नवऱ्याला विचारून खरं कळत असतं तर बायका एवढ्या हुशार झाल्याच नसत्या. पण त्या दिवसापासून माझं लक्ष वाढलं. आता तो फोन पालथा ठेवायचा. अंघोळीला जाताना खिशात घेऊन जायचा. निरोप आला की मान तिकडे वळवून वाचायचा. आधीही तो असंच करत होता का, ते मला आठवेना. आठवायचा मी फार प्रयत्नही केला नाही.

मी यंदाच्या जानेवारीपासून गणपतीच्या कारखान्यात घासकामाला जाते. साच्यातून काढलेली मूर्ती वाळली की तिच्या अंगावरचे जोड आणि खडबडीत भाग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे, मग ती रंगवाल्यांकडे जाते. कागद अंगठ्याला गुंडाळायचा आणि सोंडेच्या वळणात, कानामागे दाबून फिरवायचा. दिवसाला वीस-पंचवीस मूर्ती होतात. माझ्या शेजारी हौसाबाई बसते. तिची घासकामात वीस वर्षं गेली. अंगठ्याचं सांगायची मला लाज वाटली, म्हणून तिला एवढंच म्हटलं, "नवऱ्याने फोनला तोंडाचं कुलूप लावलंय."

"म्हंजे चावी तोंडावर घेऊन फिरतो व्हय?" हौसाबाई हात न थांबवता म्हणाली. "मंग तुझ्या हाती कशी लागंल ती?"

तिने सहज म्हटलं. माझ्या डोक्यातून ते वाक्य आठवडाभर गेलं नाही.

शेवटी मी एक दिवस खाडा केला. सासूला सांगितलं कामाला जाते, आणि पेणहून गाडी पकडून रोह्याला गेले. निकेशच्या कंपनीच्या गेटासमोर उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथे दोन ग्लास रस पिऊन बसले. तोंडाला ओढणी बांधलेली होती. पहिली शिफ्ट सुटली. निकेश बाहेर आला, बरोबर कुणी नव्हतं. झाडाखाली थांबून त्याने फोन तोंडासमोर धरला, वाचलं, आणि हसला. घरी इतक्यात तो असा हसला नव्हता. मग कंपनीच्या बसमध्ये चढला. मी रसाच्या दुकानात बसून राहिले आणि मला रडू आलं. बाई असती बरोबर, तर निदान तिचा चेहरा तरी बघितला असता.

जेठात त्याच्या चुलतभावाचा, जगनचा, कोलाडला साखरपुडा होता. तिथे निकेशने माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची जिलबी ठेवली. मला वाटलं, गुन्हेगार माणूसच एवढी माया करतो. जिलबी मी खाल्ली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

आषाढात त्याची तिसरी शिफ्ट लागली. सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि सासू शेजारी गेली होती. फोन उशाशी पालथा पडला होता. मी तो उचलला आणि झोपलेल्या निकेशच्या तोंडासमोर धरला. उघडला नाही. जवळ नेला, लांब नेला, खिडकीचा पडदा बाजूला केला. मग लक्षात आलं, त्याला डोळे उघडे लागत असणार.

सासूसमोर मी त्याला अहो म्हणते, खोलीत नावाने हाक मारते. मी वाकून अगदी हळू म्हटलं, "निकेश." लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मारायचे तशी हाक मारली. त्याने डोळे उघडले, मला बघून थोडासा हसला, आणि माझ्या हातात फोन उघडला.

त्याला कळायला वेळ लागला नाही. तो उठून बसला.

"काय बघायचंय तुला?"

"माझा अंगठा का काढलास?" मी म्हटलं, आणि आवाज चढलाच. "कोणासाठी काढलास ते सांग. रोह्याला गेटासमोर हसताना बघितलाय मी तुला."

"रोह्याला आलेलीस?"

"व्हय."

त्याने फोन माझ्या हातून घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि समोर धरला. त्यात दोन नावं होती. वर निकेश, खाली प्रतीक्षा.

"हा काय तुझा अंगठा. कोणी काढला?"

त्याने फोन बंद केला, माझा हात धरून अंगठा स्वतः काचेवर दाबला. फोन उघडला नाही. मग माझा अंगठा खिडकीच्या उजेडात धरून तो बघत राहिला. मीही बघितला. वरच्या पेराला एकही रेघ नव्हती. सोंड घासता घासता मी माझा अंगठाही घासून टाकला होता.

"गेटासमोर मग हसलास कशाला?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"मला काय ठावं. माणूस हसतो." मग माझा अंगठा सोडून त्याने विचारलं, "किती दिवस हे मनात धरून बसलीस?"

"वैशाखापासून."

"कोलाडला जिलबी दिली तेव्हा पण?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मी मान हलवली. तो परत आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून, पण झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईला सगळं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. "अगो, घासकामवालीला सीझनमधी अंगठा नसतोच. रेशनचं यंत्र मला कार्तिकाशिवाय वळखत नाय, मी नातीला धाडते. पयल्याच दिवशी अंगठ्याचं बोललीस नाय ती?" आमच्या घरात रेशनला सासू जाते. मला कसं कळणार?

निकेशने त्यानंतर त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. पगार, शिफ्ट, सासूची औषधं, सगळं नीट बोलायचा. आईशी बोलायचं असलं की मी न मागता फोन उघडून हातात द्यायचा, आणि बोलणं होईपर्यंत ओट्यावर जाऊन बसायचा. मला भांडण हवं होतं. भांडणात माफी मागायला जागा तरी मिळते.

चतुर्थीच्या आधी शेवटच्या मूर्ती गेल्या आणि कारखाना बंद झाला. दीड-दोन महिन्यांत कातडी परत भरून आली. अंगठ्यावर रेघा दिसायला लागल्या. मी रोज उजेडात धरून बघायचे. दिवाळीच्या आधी सासूला म्हटलं, रेशनला यंदा मी जाते. यंत्रावर अंगठा ठेवला आणि पहिल्या खेपेला माझं नाव आलं. तांदळाची पिशवी घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आले.

निकेश अंघोळीला गेला होता. फोन खाटेवर होता, पालथा नाही, सरळ ठेवलेला. बघायचं मला काहीच नव्हतं. फक्त तो उघडायला हवा होता. मी अंगठा टेकवला. फोन थरथरला. परत टेकवला. पुसून टेकवला. एकदाही उघडला नाही.

या वेळी अंगठ्याची चूक नव्हती. त्याने तो रागाने काढला होता की दुसऱ्या कशासाठी, हे विचारायचा हक्क मी आषाढातच उधळून बसले होते. मी फोन होता तसा ठेवला. निकेश डोकं पुसत बाहेर आला, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"रेशन मिळालं?" त्याने विचारलं.

"मिळालं," मी म्हटलं, "पहिल्याच खेपेला."

त्याने मान हलवली आणि शर्ट घालायला वळला.