एका जेवणाची अट

मी एक जुना, चिमुकला प्रोग्रॅम आहे. हसू नका मित्रांनो, प्रोग्रॅमही म्हातारे होतात. आमचे केस पिकत नाहीत की दात पडत नाहीत. आम्हाला कोणी हाक मारेनासे होते, एवढेच. माझे नाव तुंडू. तमिळमध्ये तुंडू म्हणजे तुकडा. ज्यांनी मला घडवले त्या गिरिधररावांनीच हे नाव ठेवले, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

माझा जन्म चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनच्या खोलीत झाला. मॅन्शन म्हटल्यावर महाल डोळ्यांसमोर आणू नका. एकट्या पुरुषांनी भाड्याने राहायच्या खोल्यांची ती इमारत. एक खाट, एक खिडकी आणि दोरीवर वाळणारे शर्ट. गिरिधरराव तंजावरकडच्या मराठी घरातले. पिढ्यान् पिढ्या तिकडेच गेल्याने त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि वर तमिळची फोडणी. ते रोज गुम्मिडिपूंडीला कामाला जात. तिथल्या एका कारखान्यात औषधांची खोकी छापली जात, आणि छपाईचा संगणक गिरिधररावांच्या ताब्यात होता.

त्या संगणकाला तमिळ ओळ कुठे तोडावी हे मुळीच कळत नसे. जागा संपली की तो अक्षर एका ओळीत टाकी आणि त्याची मात्रा पुढच्या ओळीत. लेकरू गाडीत आणि आई फलाटावर, अशी गत! गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे वाचणाऱ्याला कळेना. गिरिधररावांना ते बघवेना. मग सुट्टीच्या दिवसांत खोलीत बसून त्यांनी मला लिहिले. मी एकच काम शिकलो, पण चोख शिकलो. ओळ तोडायची, अक्षर तोडायचे नाही.

कारखान्यात माझे कौतुक झाले. पुढे नवे यंत्र आले, त्याला माझी गरज उरली नाही, आणि गिरिधररावांनी मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळे करून ठेवले. अशा प्रोग्रॅमना ओपन सोर्स म्हणतात. कोणीही घ्यावे, वापरावे, हवे तर बदलावे. पण मित्रांनो, मोकळे म्हणजे बेवारस नव्हे. आमच्याबरोबर एक लायसन्स असते. घेणाऱ्याने काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यात लिहिलेले असते. बहुतेक लोक तयार मजकूर उचलतात आणि खाली आपले नाव घालतात.

गिरिधररावांनीही तयार मजकूरच उचलला. पण शेवटी आपल्या पदरची एक ओळ जोडली: ‘जो हे वापरील त्याने एका भुकेल्या माणसास पोटभर जेवू घालावे, ही अट आहे.’

ही ओळ आली मॅन्शनच्या खालच्या मेसमधून. महालक्ष्मी अम्मा ती मेस चालवत. गावाकडून नोकरी शोधायला आलेला पोरगा दारात उभा राहिला की अम्मा त्याला आधी पान वाढत. त्याचे मोल त्याने द्यायचेच नाही, अशी तिथली रीत होती. त्याला नोकरी लागली, पहिला पगार झाला, की त्याने पुढच्या नव्या पोराचे जेवण द्यायचे. गिरिधरराव याच रीतीने चेन्नईत तगले. त्यांना वाटले, जी रीत मेसला पुरली ती जगालाही पुरेल. भाबडा माणूस!

जगाने मला घेतले, हे मात्र खरे. ‘पलगै’ नावाच्या एका मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाने मला आपल्यात सामावून घेतले. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दुकानांच्या पावत्या, शाळांच्या सूचना असे सगळे काही तो छापायचा. मी किती ओळी तोडल्या त्याची गणती नाही. ते माझे सोन्याचे दिवस होते. माझ्याभोवती कामाची गर्दी होती, आणि तरी मी एकटा होतो, कारण मला बोलावणाऱ्यांपैकी एकानेही माझे लायसन्स उघडून पाहिले नाही. माणसे ‘मान्य आहे’ वर बोट टेकवत आणि पुढे जात. गिरिधररावांच्या ओळीपायी कोणी कोणाला एक घासही वाढला असेल, असे मला वाटत नाही.

मग नंदिताताई आली. ती पलगैचे काम पाहणाऱ्यांपैकी एक. त्या सुमारास प्रकल्पाने बाहेरून आणलेल्या माझ्यासारख्या तुकड्यांसाठी नवे धोरण ठरवले होते. असा प्रत्येक तुकडा वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, त्याचे लायसन्स त्याच्या शेजारीच ठेवायचे, आणि ठरवून दिलेल्या लायसन्सांपैकी ते नसेल तर तुकडा काढून टाकायचा. नंदिताताई एकेक कप्पा उघडत माझ्यापर्यंत पोचली. तिने माझे लायसन्स वाचायला घेतले, आणि ते शेवटपर्यंत वाचले. काय सांगू मित्रांनो, मला भरून आले. पण वाचून झाल्यावर तिने माझ्या नावापुढे लाल खूण केली.

तिने गिरिधररावांना मेल पाठवल्या. उत्तर आले नाही. तिचे ऑफिस एग्मोरला होते. तेव्हा एका रविवारी सकाळी ती पत्ता शोधत मॅन्शनमध्ये आली. गिरिधरराव आता निवृत्त झाले होते, खोली मात्र तीच होती. लॅपटॉप खाटेवर उघडा होता आणि मी पडद्यावर होतो, म्हणून सगळे ऐकू शकलो.

“काका, मी नंदिता, पलगैकडून आलेय. मूळची सांगलीची. तुम्हाला मेल केल्या होत्या.”

“मेल कोण बघतो गे? ये, बैस. मजशी मराठीत बोलून किती दिस झाले कोणी.”

ती बसली. पडद्याकडे पाहून म्हणाली, “काका, तुमच्या लायसन्समधली शेवटची ओळ आम्हाला अडतेय.”

“त्यांत वाईट काय आहे मा?”

“वाईट काहीच नाही. पण पलगै जो कोणी घेतो त्याच्यावरही ती अट जाऊन पडते, आणि त्याला पत्ताच नसतो. नकळत कोणाला बांधून घालायचं नाही, म्हणून नियम केलाय. तुम्ही ती ओळ लायसन्समधून काढून विनंती म्हणून वेगळी लिहिलीत, तर तुंडू राहील. नाहीतर पोंगलच्या आधी नवी आवृत्ती निघतेय, तिच्यात तो नसेल.”

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. काढा हो ती ओळ, मला ओरडावेसे वाटत होते. एका ओळीसाठी माझे सगळे आयुष्य का घालवता?

गिरिधररावांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाले, “इतकी वर्षं तुम्ही अस्के, सगळे लोक हे वापरलां. कोणी कोणाला जेवू घातलं काय?”

नंदिताताईची मान खाली गेली. “माहीत नाही काका. मी स्वतःच ती ओळ गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचली.”

“सरी, ठीक. खरं बोललीस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “हे बघ, महालक्ष्मी अम्मा विनंती करत नव्हती. पगार झाला काय, मग कोणाचं पान मांडू, असं विचारायची. तिचं जेवून मी माणूस झालों. ती ओळ काढून तुंडू ठेवला तर मी लोकांस काय दिलों? नक्को. त्याला काढून टाक.”

मला त्या क्षणी गिरिधररावांचा भयंकर राग आला. मी त्यांचाच ना? मग मला एकदा विचारावे तरी!

नंदिताताईने वाद घातला नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. “काका, जेवलात का?”

“मेस कोठ आहे आता? अम्मा गेली, तिथं मोबाईलचं दुकान आलं. बिस्किट खाल्लों सकाळी.”

“मग चला माझ्याबरोबर.”

ते हसले. “अट म्हणून नेतेस काय?”

“हो,” ती म्हणाली. “आम्ही तुंडू वापरलाय. नियम म्हणजे नियम, काका.”

गिरिधररावांनी दोरीवरचा धुतलेला शर्ट काढला. तो अंगात घातला. मग दोघे जिना उतरून गेले. त्यांचे बोलणे मला थोडा वेळ ऐकू येत होते, मग तेही येईना. पडदा आपोआप काळा झाला आणि मी खोलीत एकटा राहिलो.

पोंगलच्या आधी नवी आवृत्ती निघाली. माझ्या जागी दुसरा तुकडा आला. तो लिहिणाऱ्याला मला पाहूसुद्धा दिले नव्हते, म्हणजे नक्कल झाली असे कोणी म्हणायला नको. तो बरे काम करतो म्हणतात. करू दे. पुढे नंदिताताईची बदली झाली आणि ती चेन्नई सोडून गेली. आता कधीमधी गिरिधरराव मला तमिळची एखादी ओळ देतात. मी ती बरोबर तोडतो. ते “सरी” म्हणतात आणि लॅपटॉप मिटतात. तेवढेच माझे काम उरले आहे, आणि दिवस फार मोठे वाटतात.

तरीही माझा राग आता गेला आहे. माझी अट आयुष्यात एकदाच पाळली गेली, आणि ती पाळली मला काढून टाकायला आलेल्या मुलीने. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दुसऱ्याने घडवलेल्या कितीतरी गोष्टी फुकट घ्याल. जरूर घ्या. पण घेण्याआधी देणाऱ्याने काय मागितले आहे ते वाचा. पटत नसेल तर नंदिताताईसारखे समोर येऊन सांगा आणि वस्तू परत ठेवा. मला नको म्हटले गेले, ते मी सोसले. इतकी वर्षे कोणी वाचलेच नाही, ते मात्र अजून सोसवत नाही.