न्हाणीची जागा

नाथाजी सैन्यात हवालदार. १९७४ च्या उन्हाळ्यात तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर शिराळ्याला आला, तो घरामागं खोली आणि न्हाणी बांधायचं ठरवूनच. आई मनुबाई अजून परसात पोत्याच्या आडोशाला आंघोळ करायची, ते त्याला खुपायचं. शिवाय छावणीतल्यासारखा शॉवर घरी असावा अशी त्याची फार हौस होती.

खोलीचा पाया भरला तशी सांगलीहून भाऊसो फिटरला बोलावलं. नळकामासाठी नाथाजीनं सहाशे रुपये बाजूला ठेवले होते. भाऊसोनं सगळीकडं टेप लावला आणि मान हलवली.

"हवालदार, साडेआठशाच्या खाली बसत न्हाई. नळ सैपाकघरात आन न्हाणी पार खोलीच्या पल्याड. निम्मं पैसं पायपातच जात्यात. सैपाकघराच्या भितीला चिकटून न्हाणी घ्या की, सहाशात शॉवरसकट बसवून देतो."

नाथाजीनं बायकोकडं बघितलं. राहीबाईनं नजर चुकवली. त्या भिंतीत आतल्या बाजूनं देवळी होती आणि देवळीत मनुबाईचे देव. देवांच्या पाठीला न्हाणी आणायची, हे आईला सांगायचं कुणी?

"दोन दिस हितंच थांब," तो भाऊसोला म्हणाला.

मग नवराबायको हिशेबाला बसले. शॉवर काढला. टाकी धाकटी धरली. तरी मेळ बसेना.

"आवं, आत्याबाईंस्नी इचारा की एकदा," राहीबाई हळूच म्हणाली.

"तू इचार. तुझं ऐकत्यात."

"माझं? मीठ किती घालू त्येबी मी इचारून घालते!"

तिसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी चहाला आत आला, तर देवळी रिकामी. समोरच्या भिंतीशी नवा पाट मांडलेला, त्यावर सगळे देव आणि ताजी जास्वंद. मनुबाई निवांत वाती वळत बसली होती.

"आये, ह्ये काय?"

"त्या फिटरला मी इचारलं काल. आरं, देवांस्नी काय, चार हात सरकलं. तोंड उगवतीला झालं, उलट बरंच झालं. तुमी दोघं नुसतं कुजबुजताय, मला वाटलं म्हातारीला लेकीकडं धाडत्यात का काय!"

राहीबाईला हसू आवरेना. नाथाजी ओशाळून पाटाशेजारी टेकला.

"तुला चालंल का न्हाई, म्हणून..."

"न चालायला काय झालं? थंडीत पोत्यामागं कुडकुडायला देव येतोय व्हय माझ्यासंगट?"

न्हाणी सैपाकघराच्या भिंतीला लागली. छपरावर टाकी चढली, शॉवर बसला आणि सहाशातले तीस रुपये उरले. पहिली आंघोळ मनुबाईची. आत गेली ती बाहेर यायचं नावच घेईना. "राही, ह्ये पाणी डोक्यात कसं शिरतंय गं!" असं आतून ओरडून सांगत होती.

दुपारी गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. मनुबाईनं प्रत्येकीला शॉवर सोडून दाखवला. दोघी-तिघी लुगड्यानिशी भिजल्या, आणि शेजारची बनुबाई तर दोनदा आत जाऊन आली.

संध्याकाळी नाथाजी साबण घेऊन हौसेनं न्हाणीत शिरला. चावी फिरवली. टाकीत थेंब नव्हता आणि नळाला पाणी आता उद्या सकाळीच येणार होतं. टॉवेल खांद्यावर टाकून तो विहिरीकडं निघाला, आणि वाटभर एकटाच हसत होता.