रोजची कलेजी

"मान अवघडली असेल, दुसरं काही नाही," म्हातारा शिंपी म्हणाला. "झोपेत अवघडते की माणसाची, तशी."

टेबलावर उभ्या असलेल्या ढब्बूच्या नाकापुढे डॉक्टरीणबाईंनी बिस्किट धरलं आणि हळूहळू बाजूला नेलं. कुत्र्याचे डोळे बिस्किटामागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले. मान हलली नाही. शेवटी त्याने चारही पाय सरकवत अख्खं अंगच वळवलं.

"खायला काय देता?"

या प्रश्नावर शिंपी खुलला. "खाण्याची आबाळ नाही हो. रोज पाव किलो कलेजी, तीही ताजी. माझं जेवण एखादवेळी चुकेल, त्याचं नाही."

"आणि त्याच्याबरोबर?"

"दुसऱ्या कशाला तोंडच लावत नाही तो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. आमची ही गेली तेव्हापासून."

एक्स-रे काढला. बाईंनी तो उजेडावर धरून पेनाने मानेचे मणके दाखवले. त्यांच्यामधल्या फटी बुजल्या होत्या. दोन कापडं चुकून एकत्र शिवली जावीत, तसं शिंप्याला वाटलं.

"कलेजीत 'अ' जीवनसत्त्व भरमसाट असतं," बाई म्हणाल्या. "काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. हे जात नाही, अंगात साठत राहतं. मग हाडावर हाड चढतं. शिवाय कलेजीत कॅल्शियम जवळजवळ नाहीच."

"म्हणजे मीच केलं हे."

बाईंनी एक्स-रे पाकिटात घातला. "आधी काय खायचा?"

त्याला आठवावं लागलं. सात वर्षं मशीनवरून तो ते बघत आला होता, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. "भात असायचा. मटणाचे तुकडे, गाजर, भोपळा. आणि अंड्याची टरफलं वाळवून कुटायची, चिमूटभर घालायची. मी हसायचो तिला."

"त्यांचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या, आणि कशाचं किती ते कागदावर लिहून देऊ लागल्या. "कलेजी बंद. दुखणं कमी होईल. मान मात्र आता वळायची नाही."

शिंप्याने कागदाची घडी घातली आणि मापाच्या वहीत ठेवली.

घरी ढब्बूने भाताची ताटली हुंगली आणि तो जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी तर उठलाही नाही. असा तो पूर्वी एकदाच वागला होता, बायको गेली तेव्हा. पाच दिवस अन्नाला शिवला नव्हता. सहाव्या दिवशी मटणवाल्याने कलेजीचा एक तुकडा कागदात बांधून दिला, आणि ढब्बूने तो शिंप्याच्या हातून खाल्ला. त्या दिवशी शिंप्यानेही चूल पेटवली होती. मग रोज तेच चालू राहिलं. मोडायचं कशाला?

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, एक तुकडा घाला ना वरून! मरेल तो."

"पाणी पितोय. बाई म्हणाल्या, आणखी एक दिवस थांबा."

"एवढे कठोर कधीपासून झालात?"

"ठेवतो," शिंपी म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने सगळं नव्याने शिजवलं. टरफलं भरड राहिली होती. ती पुन्हा कुटून मलमलीच्या चिंधीतून चाळली. भात बोटांनी मऊ केला. मग ताटली घेऊन तो जमिनीवरच बसला, आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यातला एक घास त्याने स्वतःच खाल्ला. बिनमिठाचा होता. दुसरा घास उचलला तेव्हा ढब्बू उठला, ताठ पायांनी आला आणि त्याच्या बोटांवरचं चाटू लागला. अर्धी ताटली संपली. शिंप्याने उरलेली झाकून ठेवली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला.

दोन महिन्यांत दुखणं गेलं. ढब्बू दारातल्या दोन पायऱ्या चढू लागला. मान तेवढी तशीच राहिली. शिंपी खिडकीशी शिवायला बसे, आणि खिडकी ढब्बूच्या अंथरुणासमोर नव्हती, एका अंगाला होती. मशीन थांबलं की मालक आहे ना हे बघायला कुत्र्याला उठून अख्खं फिरावं लागे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी.

एका रविवारी शिंप्याने मशीन ओढत ओढत आतल्या भिंतीशी नेलं, अंथरुणाच्या अगदी समोर. तीस वर्षांत ते खिडकीपासून हललं नव्हतं.

सोमवारी एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. "अहो, एवढा उजेड सोडून आत अंधारात का बसलात?"

"इथे बरं पडतं," शिंपी म्हणाला.

त्याने दिवा लावला आणि सुई उजेडाकडे धरली. दोनदा दोरा हुकला. त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा डोळे बारीक केले.