पुसून टाकायचे आवाज

मित्रांनो, तळहातावर मावणारा, रंग उडालेला मी एक जुना रेकॉर्डर. दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं आणि आपण गप्प बसायचं, हा माझा धर्म.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या गायकाच्या घरी जाईन. नशिबी आली एक परिचारिका. नोकरी आणि घर सांभाळून ती डॉक्टरेट करायला निघाली होती. आपलं माणूस गेल्याची बातमी दवाखान्यात नातेवाइकांना कशी कळते, हा तिचा विषय. वॉर्डातल्या बायका थट्टा करायच्या, "सिस्टर, डॉक्टर झालात की आम्हाला ओळख द्याल ना?"

"आधी पार तर पडू दे गं," ती म्हणायची.

पहिली मुलाखत एका शिंपीकाकांची. बायकोविषयी बोलता बोलता त्यांचा आवाज कापला. ही लगेच म्हणाली, "रडू नका काका. त्यांना त्रास नाही झाला हो." आणि मग ही धीर देतच राहिली. काका मान हलवत गप्प बसले.

ते ऐकून मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "मुलाखत त्यांची होती की तुमची? जखम दिसली की तुम्ही पट्टी बांधता. इथे आधी नीट बघायचं असतं."

"जन्मभर तेच केलंय हो, बाई. हात आपोआप जातो."

पण ती शिकली. समोरच्याचा गळा दाटला की ती जीभ दाताखाली धरायची आणि मला मुठीत आवळायची. काका पुन्हा आले तेव्हा ती त्यांच्यासमोर नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने काका मनातलं बोलले. काय, ते मी सांगणार नाही. प्रत्येकाला तिने शब्द दिला होता, कागदावर उतरवून झालं की आवाज पुसून टाकीन.

बाईंनी शाबासकी दिली. मला मात्र एक जाणवत होतं. ती जसजशी शिकत गेली, तसतसा माझ्यातला तिचा आवाज कमी होत गेला.

मग तिचंच दुखणं निघालं. प्रबंध अर्धा राहिला आणि ती गेली. मी कपाटात धूळ खात पडलो. एके दिवशी तिच्या लेकीने मला बाहेर काढलं. नंतरच्या मुलाखतींत आईचं तिला सापडलं नुसतं "हं" आणि "मग?". पहिलीत मात्र आई भरभरून बोलत होती. बाईंना न पटलेली तीच मुलाखत लेक पुन्हा पुन्हा ऐकायची.

बाई घरी आल्या. "तुझ्या आईने सगळं उतरवून ठेवलंय गं. आता तिने दिलेल्या शब्दाप्रमाणे पुसायला हवं."

"फक्त आईचा आवाज ठेवला तर?"

"त्याच्यामागे काकांचे हुंदके आहेत."

लेकीने मला मुठीत घेतलं. बाईंनी घाई केली नाही. शेवटी लेक म्हणाली, "तुम्ही नको. शब्द आईने दिलाय, मीच पुसते."

पहिली मुलाखत तिने सर्वांत शेवटी ठेवली. ती एकदा शेवटपर्यंत ऐकली आणि अंगठा बटणावर ठेवला. मग तिने ते दाबलं.

आता मी रिकामा आहे. इतक्या जणांना बोलतं करणाऱ्या माझ्या त्या सिस्टरला समोर बसवून कुणी काही विचारलंच नाही. मित्रांनो, सगळ्यांची विचारपूस करणारं एक माणूस तुमच्याही घरात असेल. ते आहे तोवर त्याच्याजवळ बसा. विचारा, आणि मध्ये बोलू नका.