निळा सोडून कोणताही

मी भिंत बोलतेय. येरवड्यातल्या एका दुमजली घराची पश्चिमेची भिंत. पूर्वेकडच्या भिंतीला कोवळं ऊन मिळतं, उत्तरेकडच्या भिंतीला सावली. माझ्या वाट्याला दुपारनंतरचं सगळं ऊन आणि पावसाळाभर तिरपा मारा. त्याची तक्रार नाही. ती बाजू कुणाला तरी घ्यावीच लागते.

मला नागोरावांनी बांधलं. वर्धा जिल्ह्यातून सरकारी नोकरीसाठी पुण्यात आलेला आणि अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलेला माणूस. गवंड्यांनी विटा रचल्या, पण मला पाणी मारलं ते त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी. पदर खोचून, हातात नळी धरून त्या मला न्हाऊ घालायच्या. ‘पी गं पोटभर,’ म्हणायच्या. त्यांचा अभिनव तेव्हा शाळेत जात होता.

रंग निवडायला नागोराव स्वतः गेले. दुकानदार म्हणाला, उन्हाची बाजू असेल तर फिकट रंगच द्या, घर गार राहतं. नागोरावांनी फिकट निळा आणला, धुतलेल्या आभाळासारखा.

‘अहो, सगळं घर निळं?’ द्वारकाबाईंनी विचारलं.

‘मग? आपलंच आहे ना घर?’

त्या हसल्या. मला आठवतंय, त्या दिवशी नागोराव रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ मला बघत उभे होते.

माणसं घर बांधताना भिंतीवर जीव टाकतात आणि राहायला आली की तिच्याकडे पाठ करून बसतात. माझंही तेच झालं. पावसाने शेवाळ धरलं, पोपडे सुटले, खिडकीखालच्या भेगेत पिंपळाचं रोप आलं. कुणी पाहिलं नाही. अभिनव शिकला, हिंजवडीत नोकरीला लागला, नम्रता सून म्हणून आली. वरचा मजला रिकामा होता, तो भाड्याने द्यायचं ठरलं.

माणसं बघायला येऊ लागली. सगळ्यांना हवा आवडायची, गच्ची आवडायची. मग जिना उतरताना एखादी बाई सहज विचारायची, ‘आपण मूळचे कुठले?’

‘वर्ध्याकडचे,’ नागोराव सांगायचे.

‘हो का? नाही, म्हणजे... पूर्ण नाव काय आपलं?’

नागोराव पूर्ण नाव सांगायचे. दोन दिवसांनी निरोप यायचा, आमचं दुसरीकडे जमलं. अगदी गोड आवाजात. पुण्यात नकारसुद्धा ‘आपण’ म्हणून देतात.

एकदा घरं दाखवणारा दलाल माझ्याच सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता. ‘घर उत्तम आहे हो. पण काय करणार, लांबूनच कळतं ना!’ आणि हसला. अभिनव जिन्यात होता. त्याने ते ऐकलं. दलालाला मात्र तो एक शब्दही बोलला नाही. त्या संध्याकाळी तो बापाशी बोलला.

‘बाबा, घराला रंग द्यायला झालाय. पोपडे बघा.’

‘खरंय. तोच दे, जरा चांगल्या प्रतीचा.’

‘निळा सोडून कोणताही.’

नागोरावांना कळायला थोडा वेळ लागला. ‘का रे?’

‘का ते तुम्हाला माहितीये.’

‘मला आवडतो तो रंग.’

‘मग आत द्या ना, बाबा. बाहेर कशाला?’

त्यानंतर नागोराव अंगणात खुर्ची टाकून बसेनासे झाले.

रंगाच्या दुकानातला योगेश नावाचा मुलगा आला. त्याने मोबाइलवर घराचा फोटो काढून त्याला एकेक रंग चढवून दाखवला. ‘हा बघा सर, गडद राखाडी. सध्या सगळे हाच घेतात. एकदम प्रीमियम लूक.’

नम्रता म्हणाली, ‘अभि, पश्चिमेची भिंत आहे. गडद रंग ऊन ओढून घेतो. आईबाबा तिच्या आतल्याच खोलीत झोपतात. पांढरट घे, नाहीतर बदामी.’

‘पांढऱ्यावर एका पावसात शेवाळ दिसतं.’

‘निदान भेगा तरी भर आधी. आणि ओल सुकू दे. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही.’

पण अभिनवला घाई होती. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, माझ्या पोटात पाणी होतं. तशातच रंगाऱ्यांनी पत्र्याने माझा निळा खरवडला. त्याचा चुरा अंगणात पडला, तो द्वारकाबाईंनी झाडून काढला. मग राखाडीचे दोन जाड हात माझ्यावर चढले. आतलं पाणी आतच राहिलं.

दिवाळीआधी एक जोडपं आलं. बाईंचं नाव तनुजा. ‘किती मॉडर्न घर आहे!’ त्या फाटकातूनच म्हणाल्या. अभिनवचा चेहरा खुलला. ती मंडळी खोलीत बसली, चहा आला. नागोराव बाहेरून आले आणि दारातच थांबले. माझ्या आतल्या बाजूला कायम असणारी बाबासाहेबांची तसबीर जागेवर नव्हती. नुसता खिळा होता.

‘तसबीर कुठाय?’

अभिनवने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

‘अभि, तसबीर कुठाय?’

‘बाबा, नंतर बोलू.’

द्वारकाबाई उठल्या. आतल्या कपाटातून तसबीर आणून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. नागोरावांनी ती उपरण्याने पुसली, खिळ्याला लावली, सरळ केली आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, ‘घ्या ना चहा. गार होतोय.’

तनुजाबाईंनी कप उचलला, तसाच खाली ठेवला. ‘आम्ही कळवतो आपल्याला.’

ती मंडळी गेल्यावर अभिनव जिन्यावर बसून राहिला. नम्रता त्याच्या शेजारी जाऊन बसली.

आता दोघं हिंजवडीजवळच्या एका मोठ्या सोसायटीत राहतात. वरचा मजला रिकामाच आहे. माझ्या आतलं पाणी फोड होऊन बाहेर यायला लागलंय. एप्रिलमध्ये मी इतकी तापते की दिवेलागणीनंतरही द्वारकाबाई आतून हात लावतात आणि चटकन काढून घेतात. खाट त्यांनी पलीकडच्या कडेला नेली आहे.

परवा अभिनवचा फोन आला होता. फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकू आलं.

‘बाबा, खूप गरम होतं का तिथे? पुन्हा रंग देऊ या. तुमचाच, निळा.’

‘रंगाचं राहू दे,’ नागोराव म्हणाले. ‘तू कधी येतोस?’

‘बघतो. सुट्टी बघून सांगतो.’

माझं काय, आणखी दहा उन्हाळे काढीन. पण तुम्ही घराला रंग निवडायला बसाल तेव्हा एवढं ऐका. उन्हासाठी निवडा, पावसासाठी निवडा, आत झोपणाऱ्या माणसांसाठी निवडा. जिना उतरून जाणाऱ्यासाठी निवडू नका. तो तसाही जातो.