हातवाले आणि मानवाले

माणसाने भांडावं, त्याला माझी ना नाही. मी स्वतः भांडत भांडतच इथवर आले. पण भांडणाऱ्याला कारण सांगता आलं पाहिजे. आमच्या बर्नार्डने ईस्टरपासून नाताळाच्या तोंडापर्यंत अख्खी मंडळी झुंजवली, प्रेषितांपासून आर्चबिशपपर्यंत सगळ्यांची साक्ष काढली, आणि खरं कारण तेवढं पोटात ठेवलं. असला माणूस मला आवडत नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही.

बर्नार्ड माझ्या पाठचा. साठीला आलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. अजमानला एकटा राहतो, दुबईत एका हॉटेलचं स्टोअर सांभाळतो. लहानपणापासून मुखदुर्बळ. एकदा नगरला न्हाव्याने त्याची एका बाजूची मिशी उडवली, तर हा ‘बरं आहे’ म्हणून पैसे देऊन घरी आला. लग्नात ‘होय’ म्हणायची वेळ आली तेव्हा पाळकांना पुन्हा विचारावं लागलं. असा माणूस पुढारी होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला उन्हातून आत बोलावून पाणी दिलं असतं.

मी शारजाला मुलाकडे, नेल्सनकडे असते. रविवारी बर्नार्ड अजमानहून गाडी घेऊन येतो, मला उचलतो, आणि आम्ही दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला उपासनेला जातो. तिथे एकाच आवारात सगळ्यांची चर्चेस आहेत. मल्याळी, फिलिपिनो, उर्दूवाले, तमिळ. आम्ही अँग्लिकन मराठी मंडळी मूठभर, म्हणून आम्हाला छोटा हॉल. आमची वेळ संपली की दारात तमिळ मंडळी गाण्याची पुस्तकं घेऊन उभीच.

तर आमच्या उपासनेत मधे शांती द्यायची वेळ येते. पाळकसाहेब म्हणतात, “एकमेकांना शांती द्या,” मग जो तो जागचा उठतो, शेजारच्याशी हात मिळवतो आणि ‘शांती असो’ म्हणतो. ज्याच्याशी आठवडाभर अबोला आहे त्याच्याशीसुद्धा. माझ्या सुनेला, जेनेलला, हे फार जड जातं. मला नाही जात, मी हात जरा जोरात दाबते.

या वर्षी तापाची साथ आली. निम्मी मंडळी खोकत होती. तेव्हा मिल्ड्रेडने कमिटीत सूचना मांडली की हात मिळवणं बंद करावं, जागेवरून मान हलवून शांती द्यावी. ही मिल्ड्रेड नाशिकची, शारजाच्या एका दवाखान्यात मोठी नर्स, आणि आमच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या ताफ्यात, जाड्या आवाजाची. आईबापाचं करता करता लग्नाचं राहून गेलं. तिच्याशी हात मिळवला की आपल्या हाताला घरी जाईपर्यंत साबणाचा वास येतो. तिने जंतूंचं असं वर्णन केलं की कमिटीने मुकाट्याने होकार दिला, आणि दोघांनी तर कमिटीतच खिशात हात घातले.

पुढच्या रविवारी पाळक सदानंदसाहेबांनी नियम वाचून दाखवला. आणि बर्नार्ड उभा राहिला. मला वाटलं, त्याला चक्कर आली.

“हे चालणार नाही,” तो म्हणाला.

“काय चालणार नाही, बर्नार्डभाऊ?”

“मान.”

“मानेचं काय?”

“मानेने शांती पोचत नाही. हात लागतो. प्रेषितांच्या काळात तर लोक मुका घेऊन सलाम करायचे.”

मंजुषाबाई आमच्या कमिटीच्या सेक्रेटरी, त्यांना राहवलं नाही. “मग आता मुके सुरू करायचे का, भाऊ?”

बर्नार्ड लाल झाला आणि मटकन खाली बसला. पण ठिणगी पडली होती. जो माणूस कधी बोलत नाही तो बोलला, म्हणजे त्याला वरून काही सांगणं आलं असणार, असं लोकांनी धरलं. चहाच्या वेळी चार जण त्याच्याभोवती जमले. पुढच्या रविवारी बारा. मंडळीत हातवाले आणि मानवाले असे दोन तट पडले.

मग जे झालं ते मी सांगते, पण हसायचं काम नाही. हातवाले उजव्या बाजूला बसायला लागले, मानवाले डाव्या. नवरा हातवाला आणि बायको मानवाली असली की पोरांनी मधल्या वाटेत खुर्च्या टाकायच्या. जेवणाला दोन पातेली आली. हातवाल्यांच्या बिर्याणीत मानवाले चमचा घालेनात. एका बाळाचा बाप्तिस्मा होता, तर मानवाल्यांनी लेखी विचारलं की पाळकसाहेब बाळाला हात लावणार का, आणि लावणार असतील तर मग आम्हीच काय पाप केलं? बाळाच्या आजोबांनी त्यांना काय सांगितलं ते चर्चच्या आवारात सांगण्यासारखं नव्हतं.

माझा नातू ट्रॉय म्हणाला, “ग्रॅनी, इट्स लाइक टू फुटबॉल टीम्स.”

म्हटलं, “बाबा, फुटबॉलात निदान चेंडू तरी असतो.”

फाटकावरचा रखवालदार मुश्ताक, पेशावरकडचा, भला माणूस. त्याने मला अदबीने विचारलं, “अम्मा, आप लोगों के दो चर्च हो गए क्या?” म्हटलं, “एकच है बेटा, लेकिन उसको बीच में से चीर गया है.” माझ्या हिंदीची त्याला सवय आहे.

बर्नार्डने तोड काढली. हॉटेलच्या स्टोअरमधले पातळ हातमोजे असतात, तसला डबाच विकत घेऊन आला. त्या रविवारी सगळ्यांनी मोजे घालून शांती दिली. हॉल नुसता ऑपरेशनची खोली. तेवढ्यात मिल्ड्रेड क्वायरमधून म्हणाली, “प्रत्येक माणसामागे नवा मोजा घातला तरच उपयोग.” मग काय, मोजे काढा, घाला, काढा, घाला. घामाने मोजा निघेना. प्रभुभोजनाला उशीर झाला, तमिळ मंडळी दारात ताटकळली, त्यांचा एक म्हातारा “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला, चला, करत आत आला आणि मोजे घातलेले हात बघून कोणी वारलं की काय म्हणून टोपी काढून उभा राहिला.

त्यानंतर साबणाची रांग करून पाहिली. त्यानंतर कोपराला कोपर. ते मी स्वतः बंद पाडलं. या वयात कोणी मला ढोसलेलं मी खपवून घेत नाही.

शेवटी ठरलं, वार्षिक सभेत मत घ्यायचं आणि खलास. हातवाले जास्त होते, ते जिंकणार हे उघड होतं. तेव्हा मिल्ड्रेडने चहाच्या टेबलाशी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “मत माझ्याविरुद्ध गेलं तर मी नोकरी सोडून नाशिकला परत जाणार. व्हिसा नवा करायची वेळ आलीच आहे. इथे कोणासाठी राहू?”

हातवाल्यांनी बर्नार्डचं अभिनंदन केलं. बर्नार्डने हातातला समोसा तसाच ताटलीत ठेवला. मी बघितलं. समोसा टाकणारा माणूस नाही तो.

सभेच्या दिवशी आम्ही निघालो आणि शारजाच्या रस्त्यावर गाड्यांत अडकलो, नेहमीसारखे. पुढे गाड्या, मागे गाड्या, हलायला जागा नाही. कोणाला जाब विचारायचा असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही, कारण त्याला उतरून पळता येत नाही.

“बर्नार्ड, एक सांग. तुला हाताचं एवढं प्रेम. मग नियम व्हायच्या आधी तू माझ्याशी कधी हात मिळवलास?”

“मिळवला असेल, आक्का.”

“कधीच नाही. मी तुझ्या शेजारी बसते. पाळकसाहेब ‘शांती’ म्हणाले की तू माझ्या गुडघ्यांवरून उडी मारून जायचास. खांबाला वळसा घालायचास, पेटीवाल्याला चुकवायचास आणि क्वायरपाशी पोचायचास. तिथे एकच हात मिळवून परत यायचास. सख्खी बहीण इथे बसलीय शांतीविना.”

 त्याचे कान तापलेल्या तव्यासारखे झाले.

“तिला सांगितलंस?”

“काय सांगू?” तो समोरच्या गाडीकडे बघत म्हणाला. “आठवड्यातून एकदा तेवढाच हात, आक्का. बाकी सहा दिवस मी त्यावर काढायचो. तो बंद झाला. आणि आता जिंकलो तर ती जाणार, हरलो तर हात जाणार. ती माझ्या विरुद्ध आहे.”

“ती जंतूंच्या विरुद्ध आहे, गाढवा.”

“एकच झालं.”

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. पुढची वाट मोकळी झालेली बर्नार्डला दिसलीच नव्हती.

हॉलवर पोचले ती मी थेट चहाच्या खोलीत शिरले. मिल्ड्रेड कप उकळत्या पाण्यातून काढत होती. बाकी बायका ते नुसते विसळतात.

मी म्हटलं, “मिल्ड्रेड, तुला आमच्या बर्नार्डचा एवढा राग का?”

“राग?” तिने कप ठेवला. “आक्का, ईस्टरच्या आधी ते तापाने पडले होते, आठवतं? अजमानला एकटे. मी औषध पाठवलं होतं तुमच्याबरोबर. बरे होतायत न होतायत तोच उपासनेला आले, खोकत. हॉलभर सगळ्यांचे खोकलेले हात. त्यांना पुन्हा काही झालं तर बघायला कोण आहे? म्हणून तर मी तो नियम आणला.” मग तिने तोंड फिरवलं. “आणि त्यांनीच पहिल्यांदा उठून मला खोटं पाडलं. सगळ्यांसमोर. म्हणजे माझी काळजीच नको, माझं ऐकणंही नको.”

मी चौथी शिकलेली बाई. पण मला त्या क्षणी कळलं की या दोघांनी मिळून, एकमेकांच्या ओढीपोटी, दोन पातेली बिर्याणी वेगळी शिजवायला लावली. मी काही बोलायच्या आत पाळकसाहेबांची घंटा वाजली.

सभा सुरू झाली ती मत कसं घ्यायचं यावरच अडली. पाळकसाहेब म्हणाले, “बाजूने असतील त्यांनी हात वर करावा.” मानवाले उसळले. हात वर करायचा म्हणजे हातवाल्यांचाच प्रचार! आम्ही मान हलवून मत देणार. बरं, तसं करू. पण आपली माणसं ऐकतानासुद्धा माना हलवतात. मंजुषाबाईंनी मोजायला घेतलं तर हॉलमध्ये आहेत त्यापेक्षा जास्त मतं निघाली. एक म्हातारबाबा तर झोपेत तीनदा मत देऊन गेले.

तेवढ्यात बर्नार्ड उठला. घाम पुसला.

“मी माझं म्हणणं मागे घेतो. मानच बरी.”

उजवी बाजू पेटली. “दगा! भाऊ, दगा!” एकाने खिशातले जुने मोजे काढून त्याच्यासमोर आपटले. “तुमच्यासाठी मी मेव्हण्याशी बोलणं टाकलं!” डाव्या बाजूला आनंद व्हायला हवा होता, पण त्यांनाही समोर नेता नसलेलं भांडण नको होतं. ते म्हणाले, असं कसं, कारण सांगा.

मिल्ड्रेडही क्वायरच्या खुर्चीवरून उठली. चेहरा पांढरा. “हो. कारण मलाही ऐकायचंय. माझ्यावर उपकार म्हणून मागे घेत असाल तर नको. मी जाणार ते जाणारच.”

सगळा हॉल बर्नार्डकडे बघायला लागला. दारात तमिळ मंडळी जमली होती, तीही बघायला लागली. बर्नार्डने तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, देवा, आज तरी.

“प्रेषितांच्या काळात,” बर्नार्ड म्हणाला.

बस्स. मी उठले.

“प्रेषितांना घरी जाऊ दे, बर्नार्ड. मंडळींनो, ऐका. हा हातासाठी भांडला कारण याला एकच हात पाहिजे होता, त्या तिथे उभी आहे तिचा. आणि तिने हात बंद केले कारण हा तापाने पडू नये म्हणून. बाकी तुम्ही सगळे उगीच मधे सापडलात. आता मोजे उचला.”

मोजे आपटणाऱ्याने वाकून ते उचलले. दारातल्या तमिळ म्हाताऱ्याला एकाने हळूच भाषांतर करून सांगितलं, त्याने पुन्हा टोपी काढली.

मिल्ड्रेडने पर्समधून जंतू मारायची बाटली काढली. दोन्ही हात चोळले, बोटांच्या मधेसुद्धा. मग मधल्या वाटेने चालत बर्नार्डपर्यंत आली. बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने हात पुढे केले, तिने त्यावर दोन थेंब टाकले. त्याने चोळले. मग तिने आपला उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, “शांती असो, बर्नार्ड.”

आणि हा माझा भाऊ, ज्याने त्या हातासाठी ईस्टरपासून मंडळीची झोप उडवली, तो काय करतो? दोन्ही हात पाठीमागे घेऊन, नियम मोडायला नको म्हणून, मान हलवतो.

मिल्ड्रेडचा हात तसाच हवेत. मी त्याच्याजवळ गेले, त्याचा पाठीमागचा हात ओढून पुढे आणला, तिच्या हातात ठेवला, आणि वरून माझा हात असा दाबून धरला की त्याला हलता येईना. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला सांगितलं:

“बर्नार्ड, तू धर्मासाठी भांडणारा नाहीस, तू भित्रा आहेस. एका बाईला दोन शब्द बोलायला नकोत म्हणून तू सगळ्या मंडळीला मोजे घालायला लावलेस. तर आता माझा निकाल ऐक. हा हात तू सोडायचा नाहीस, ताप आला तरी नाही. नाताळाआधी पाळकसाहेबांकडे लग्नाचं बोलायचं, आणि तिथे ‘होय’ म्हणायला त्यांना पुन्हा विचारावं लागलं, तर तुझ्या वतीने मी म्हणेन. आणि इतकी वर्षं माझी शांती राहिलीय, ती पहिली इकडे दे.”